आईबाबांच्या गावी जाताना: आधी वाडी, मग माणसं, सातबारा शेवटी

कोकणात ‘आपलं मूळ गाव बघायला’ निघालेली कुटुंबं बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतात. मे महिन्यातला शनिवार-रविवार, दोन गाड्या, दहा माणसं, फोनवर काढलेला सातबारा आणि तोंडी एक गावाचं नाव. दुपारपर्यंत गाव सापडतं, वाडी सापडत नाही. सापडलीच तर दारं अर्धवट उघडतात. संध्याकाळी समुद्रावर फोटो काढून सगळे परत.

आमची पहिली फेरी अशीच फुकट गेली. आई राजापूर तालुक्यातली, सत्तरी ओलांडलेली. जुन्या पाकिटावरचा पत्ता धरून आम्ही तिला तीन तास ज्या गावात फिरवलं, ते नुसतं तिचं पोस्टाचं गाव होतं. तिचं गाव खाडीपलीकडे. दुसऱ्या खेपेला आई, मी आणि माझी मुलगी अशा तिघीच गेलो, चार दिवस काढून, खालच्या क्रमाने. क्रम मोडला की काम अडतं, म्हणून तो सोडू नका.

१. दोन महिने आधी: घरातच विचारपूस

‘तुझं गाव कसं होतं गं?’ असं विचारलं की ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी वाटा विचारा. शाळेत जाताना डाव्या हाताला काय लागायचं? पाणी कुठल्या विहिरीचं? व्हाळ (ओढा) ओलांडायला साकव (लहान पूल) होता का? दळण कुठे न्यायचात? उत्तरं येतील तसा एक कच्चा नकाशा काढत जा आणि पेन्सिल त्यांच्याच हातात द्या. आईने काढलेला नकाशा प्रमाणात मुळीच नव्हता. घरापासून विहीर जेवढी लांब, तेवढंच लांब देऊळ. पण त्यात घाटी (चढणीची पायवाट), पिंपळाचा पार आणि गुरवाचं घर बरोबर जागी होतं, आणि आम्ही शेवटी त्याच कागदावर पोचलो.

साठ-सत्तर सालापर्यंत मुंबईहून बोटीने गेलेल्या पिढीला एक प्रश्न हमखास विचारा: कुठल्या बंदरावर उतरायचात? मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले यातलं एक नाव आलं की शोधायचा पट्टा निम्म्याने कमी होतो. आज हमरस्ता गावाच्या ज्या बाजूने येतो, तिकडे तेव्हा गावाची पाठ असायची. म्हणून त्यांना आठवणारी वाट आणि तुमची गाडी जाते ती वाट जुळत नाही. त्यात त्यांची स्मरणशक्ती दगा देतेय असं समजू नका.

सालं आठवत नसतील तर घटना धरून विचारा. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) तेव्हा आजोबा होते का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा तू कितवीत होतीस? गिरणी संप लागला (१८ जानेवारी १९८२) तेव्हा काका गावी परतले की मुंबईतच राहिले? ‘आजी कधी वारली’ याला उत्तर न देणारी माणसं ‘भूकंपाच्या आदल्या पावसात’ असं अचूक सांगतात.

आईच्या गावाला जात असाल तर आणखी एक गोष्ट लिहून घ्या: तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव. लग्नात नाव बदललेल्या बायकांना माहेरी सासरच्या नावाने कुणी ओळखत नाही. माझ्या आईला गावात तिच्या पाळण्यातल्या नावाच्याही पलीकडचं, ‘बेबी’ हे हाकेचं नाव चाललं. ते नाव आम्हा मुलांना ठाऊकच नव्हतं.

तपासून घ्या: आजोबा-आजीची पूर्ण नावं, आजीचं माहेर, घराला गावात काय म्हणत (थोरलं घर, वरचं घर, माडीवाल्यांचं), आणि गणपती कोणाच्या घरी बसायचा. शेवटच्या प्रश्नाचा उपयोग पुढे कळेल.

२. पत्ता पक्का करणं

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. जुन्या पत्त्यात ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगळे असतात. मुक्काम म्हणजे तुमचं गाव, पोस्ट म्हणजे टपाल जिथे यायचं ते, बहुधा शेजारचं मोठं गाव. घाईत लिहिलेल्या पाकिटावर नुसतं पोस्टाचं नाव राहतं आणि नातवंडं त्यालाच मूळ गाव समजून बसतात.

दुसरा घोटाळा एका नावाच्या गावांचा. नांदगाव मुरुडजवळ आहे आणि कणकवली तालुक्यातही आहे. आंबेरी मालवण तालुक्यात आहे, कुडाळ तालुक्यातही आहे. म्हणून नकाशावर पिन टाकण्याआधी तालुका नक्की करा.

तिसरा, जिल्हा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदावर मालवण, कुडाळ, देवगड सगळे ‘जि. रत्नागिरी’. रायगडच्या जुन्या कागदावर ‘जि. कुलाबा’. दोडामार्ग हा तालुका पूर्वी सावंतवाडीत होता. त्याहून मागे गेलात तर सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, १९४८ पर्यंत. तिथल्या आजोबांची नोंद इंग्रजी अमलाच्या दप्तरात धुंडाळत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आणि मग वाडी. कोकणातलं गाव एका जागी नसतं. डोंगराच्या दोन बाजूंना, खाडीच्या दोन तीरांना ते वाड्यावाड्यांनी पसरलेलं असतं, आणि एका वाडीतून दुसरीत जायला गाडीने अर्धा तासही लागू शकतो. वाडीचं नाव आडनावावरून, जातीवरून, देवळावरून किंवा नुसतं ‘वरची-खालची’ असतं. वाडी कळल्याशिवाय निघू नका.

३. घरातले कागद आणि ऑनलाइन सातबारा

ट्रंकेत काय काय निघतं बघा: शाळा सोडल्याचा दाखला, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, घरपट्टीची पावती, कुणाच्या तरी बाराव्याचं पोस्टकार्ड. लग्नपत्रिकेवरची ‘आपले नम्र’खालची यादी म्हणजे तयार भावकी असते. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. नात्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, एखाद्याच्या कपाटात प्रत असते.

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावावरून सातबारा शोधता येतो. पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांना मिळते. आजोबांचं नाव दिसलं नाही तर हिरमुसू नका. १९४९ च्या कायद्याने खोती (खोताने गावाचा सारा गोळा करायची पद्धत) गेली, आणि कूळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषी दिनापासून कसणारी कुळं मालक झाली. त्यामुळे कुणाची नावं गेली, कुणाची पहिल्यांदाच लागली. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे माणूस त्या गावचा नव्हता, असं होत नाही.

सावधान: ही प्रत पिशवीच्या तळाशी ठेवा. पहिले दोन दिवस ती बाहेर काढायची नाही. कारण सहाव्या टप्प्यात.

४. गावात एक माणूस धरा

अचानक जाऊन धक्का देण्याचा हौशी बेत टाळा. भावकीतला लांबचा चुलतभाऊ, गावचे मुंबई मंडळ, देवळाचे गुरव, शाळेतले गुरुजी, कुणीही चालेल, पण आधी फोन झालेला हवा. फोनवर तीनच गोष्टी सांगा: आपण कोण, कोणाला घेऊन येतोय, किती दिवस. ‘जुनं घर बघायचंय, म्हाताऱ्या माणसांना भेटायचंय’ एवढं पुरे. ‘कागदपत्रं बघायची आहेत’ हे वाक्य फोनवर नको.

राहायची सोय तालुक्याच्या गावी किंवा जवळच्या घरगुती निवासात करा. भावकीतल्या घरी मुक्कामाला यायचा आग्रह होईल, पण तिथे एकच म्हातारी माणूस राहत असेल तर चार जणांचा स्वयंपाक तिच्यावर पडतो. आणि संडास घराबाहेर, पायऱ्या उतरून असेल तर सत्तरीच्या आईचं काय, हे आधीच विचारून घ्या. यात लाजू नका.

५. तारीख

मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, आंबे असतात, पण कुणालाच बसून बोलायला फुरसत नसते. गणपतीतही तेच. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. रान सुकलेलं असतं, वाटा मोकळ्या, म्हातारी माणसं दुपारी पडवीत भेटतात. सिंधुदुर्गात याच सुमारास गावोगावच्या जत्रा असतात. जत्रेला माहेरवाशिणी झाडून येतात, त्यामुळे माणसं भेटायला ती वेळ उत्तम, दप्तर बघायला वाईट. रत्नागिरीकडे बंद घरं शिमग्याला उघडतात, कारण पालखी दारी येते.

सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी-रविवारी तहसील बंद. म्हणून शनिवारी पोचा, शनिवार-रविवार माणसांसाठी ठेवा, सोमवार-मंगळवार कचेरीसाठी.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. स्टेशनच्या नावाला भुलू नका. राजापूर रोड म्हणजे राजापूर शहर नव्हे, आणि किनाऱ्यावरच्या देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला तर रेल्वेच नाही. कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. उतरून पुढच्या गाडीची वेळ आधी विचारा. आडगावाला दिवसाला दोनच फेऱ्या आणि एक वस्तीची गाडी असं असतं.

माणसं किती न्यायची? माझं मत: ज्यांचं गाव ते, आणि फार तर तिघे. दहा जण गेले की आईबाबांना बोलायला वेळ मिळत नाही, त्यांचा दिवस नातवंडांना पाणी देण्यात जातो.

६. पहिला दिवस: आधी देऊळ, मग घरं

गावात शिरल्यावर पहिलं ग्रामदेवतेच्या देवळात जा. नारळ, अगरबत्ती, देवी असेल तर ओटी. गुरव किंवा मानकरी हजर असतील तर त्यांना गाऱ्हाणं (देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं) घालायला सांगा. गाऱ्हाण्यात तुमच्या आजोबांचं नाव आणि वाडी मोठ्याने उच्चारली जाते, आणि देवळात बसलेल्या चार माणसांना तुम्ही कोण ते न सांगता कळतं. यापेक्षा चांगली ओळखपरेड दुसरी नाही. गाभाऱ्यात शिरण्याआधी आणि फोटो काढण्याआधी विचारा. कौल (देवाला विचारून घेतलेला होकार-नकार) लावायचा असेल तर खरंच काही विचारायचं असतानाच लावा. तो पाहुण्यांना दाखवायचा खेळ नव्हे.

बरेच जण ग्रामदैवत आणि कुलदैवत एक धरून चालतात. रवळनाथ, सातेरी, भैरी ही गावाची दैवतं, तिथल्या सगळ्यांची. कुलदैवत घराण्याचं असतं आणि ते पुष्कळदा दुसरीकडे असतं. सारस्वतांपैकी अनेकांचं गोव्यात, चित्पावनांत कुणाचं गुहागरचा व्याडेश्वर, कुणाचं कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव, आणि कुलदेवी थेट अंबाजोगाईची योगेश्वरी. कुलदैवत कुठलं हे कळलं तर घराणं मुळात कुठून आलं याचा धागा मिळतो.

मग वाडीत. मालवणी मुलखात पहिला प्रश्न येईल, ‘कोणाचो रे तू?’ यावर स्वतःचं नाव, कंपनी, शहर सांगणं ही नेहमीची चूक. उत्तर असं असावं: ‘खालच्या वाडीतल्या थोरल्या घरच्या तात्यांची नात, बेबीची मुलगी.’ आधी घर, मग माणूस, मग तुम्ही. एवढं नीट सांगितलंत की पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलावंच लागत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नका. चहा पावडर, साखर, बिस्किटं, मुलं असतील तर खाऊ. पैशाचं पाकीट देऊ नका. एका घरी गेलात आणि शेजारचं टाळलंत तर ते वर्षभर लक्षात राहतं, म्हणून निदान उभ्या उभ्या सगळ्या घरी.

सावधान: पहिल्याच दिवशी तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, बोलताना सगळे तलाठीच म्हणतात) गेलात तर तुमच्याआधी बातमी वाडीत पोचते. तीस वर्षांनी आलेली माणसं आली ती हिस्सा मागायला, असा अर्थ निघतो, आणि तो काढणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण बरेच जण त्यासाठीच येतात. त्यानंतर चहा मिळतो, माहिती मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ओटीवर बसल्या बसल्या सातबारा उलगडला. समोरचे काका ‘गुरं बांधून येतो’ म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

७. जाणत्या माणसांशी बोलताना

‘आपला मूळ पुरुष कोण?’ हा प्रश्न भारदस्त आहे पण निरुपयोगी. ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, ते अशा वेळी पटतं. त्याऐवजी हे तीन विचारा.

सुतक. ‘आमच्याकडे कुणी गेलं तर तुम्ही सुतक पाळता का, किती दिवस?’ दहा दिवस म्हणजे जवळची भावकी, तीन दिवस म्हणजे काही पिढ्यांपूर्वी फुटलेली शाखा, काहीच नाही म्हणजे नुसतं आडनाव एक. कागदावर नसलेली वंशावळ गावाने अशी सुतकात जपलेली असते.

गणपती. ज्या घरात सगळ्या भावांचा मिळून एक गणपती बसतो, ते बहुतेक मूळ घर. वेगळा बसायला लागला असेल तर कधीपासून, हे विचारा. घराची फाळणी कधी झाली ते कळेल.

आणि लग्नं. कोणत्या गावच्या मुली आल्या, आपल्या कुठे दिल्या. नुसत्या बापाकडून बापाकडे जाणारी वंशावळ काढू नका, त्यात निम्मं घर गायब होतं. आम्हाला आजीच्या माहेरचं गाव एका शेजारणीकडून कळलं. ती त्याच गावची होती.

फोनवर आवाज टिपायचा असेल तर सांगून टिपा. आणि आई बोलत असताना मध्ये प्रश्न घालू नका. दोन म्हाताऱ्या एकमेकींना दुरुस्त करत बोलतात, तेव्हाच खरी माहिती पडते.

८. जुनं घर किंवा त्याची जागा

घर उभं असेलच असं नाही. पुष्कळदा जांभ्याचं जोतं, तुळशीवृंदावन आणि विहीर एवढंच उरलेलं असतं. हे आईबाबांना आदल्या रात्री सांगून ठेवा, जागेवर नव्हे. घडीची खुर्ची आणि पाणी सोबत न्या, आणि थोडा वेळ त्यांना एकटं सोडा.

सावधान: पडक्या घरात माळ्यावर चढू नका, वासे वाळवीने पोकळ झालेले असतात. गडग्यात (दगडी कुंपणात), दगडांच्या ढिगात हात घालू नका. या भागात फुरसं हा विषारी साप असतो. चावलं तर गाडी काढून सरळ सरकारी रुग्णालय, मध्ये कुठेही थांबायचं नाही. जागेत कोणी राहत किंवा पिकवत असेल तर त्यांना विचारूनच आत जा, जमीन कागदावर कोणाचीही असो.

९. सोमवारी: शाळा आणि कचेरी

इथवर माणसं ओळखीची झालेली असतात, तेव्हा भावकीतल्या कुणाला तरी सोबत न्या. संशयही राहत नाही आणि कचेरीत कामही लवकर होतं.

शाळेपासून सुरुवात करा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आईबाबांची नोंद असते: नाव, जात, जन्मगाव, पालकाचं नाव, दाखल झाल्याची तारीख. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन निर्गम उतारा मागा. शाळा बंद झाली असेल तर दप्तर कुठे गेलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. गुरुजी शाळेत घेताना अंदाजे तीच टाकत.

ग्रामपंचायतीत घरपट्टीचा असेसमेंट उतारा (नमुना ८) मिळतो, त्यावर घर नंबर असतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन गोष्टी मागा. एक, गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तीत बाळाचं नाव नसतं, ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच, म्हणून बापाच्या नावाने शोधा. दोन, फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. त्यातला वारसाचा फेरफार काढला की मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारस, मुलींसकट, एका कागदावर मिळतात. त्यातल्या जमिनीवरचा आधीचा फेरफार, मग त्याच्याही आधीचा, असं मागे मागे जायचं. नक्कल त्याच दिवशी मिळेल अशी आशा ठेवू नका. अर्जाची पोच घ्या आणि न्यायला कोण येईल ते गावातल्या माणसाशी ठरवा.

जुन्या नोंदी वाचताना:

– आडनाव नसतं. ‘रामा बिन गोविंद’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘सरस्वती कोम रामा’ म्हणजे रामाची बायको.
– शके दिलं असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९.
– जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे असू शकतात.
– विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं बरंच दप्तर मोडीत आहे. अंदाजाने वाचू नका, नक्कल घेऊन मोडी जाणणाऱ्याकडे द्या.

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या चोपड्यांत पूर्वज येऊन गेल्याच्या नोंदी मिळतात. तिथे गाव आणि आडनाव दोन्ही सांगावं लागतं, म्हणून ही फेरी गावाच्या नंतर करा.

१०. परतल्यावर आठ दिवसांत

उशीर केलात की आवाजांची सरमिसळ होते, म्हणून टिपलेलं लगेच उतरवा. प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं ते लिहा. दोन माणसांनी दोन सालं सांगितली असतील तर दोन्ही ठेवा, सरासरी काढू नका. मग सगळं आईबाबांना वाचून दाखवा. माझ्या आईने तेव्हा अकरा चुका काढल्या, त्यातल्या चार तिच्याच होत्या.

वंशावळ कुटुंबाच्या गटावर टाकण्याआधी मधली नाजूक जागा बघा: दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेला भाऊ. जिवंत माणसांचं दुखणं तिथे असेल तर ती ओळ घरच्या प्रतीतच राहू द्या.

गावात काढलेले फोटो फोनवरून पाठवून मोकळे होऊ नका. ज्या आजींनी दोन तास बसून सांगितलं त्यांच्याकडे बहुधा साधा फोन असतो. छापून घ्या, मागे नावं लिहा आणि टपालाने पाठवा. पत्त्यावर मुक्काम आणि पोस्ट दोन्ही, आणि वाडी.